गाडीची किल्ली आणि पेट्रोलचा हिशेब



मागे एका बैठकीत आमच्या गटातली एक ताई गप्प गप्पच होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "घरात म्हणतात, बाईनं गाडी नेली की पेट्रोल लई जातं. किल्ली काढून घेतली." ही ताई गटाचे पापड-शेवया घेऊन अंबडहून जालन्याला जाते. तिची किल्ली गेली म्हणजे गटाचा बाजारच गेला. म्हणून आज पेट्रोलबद्दल बोलू.

आम्ही ठरवलं, भांडायचं नाही, मोजायचं. पंपावर टाकी फुल केली आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला. आठवड्यानं पुन्हा टाकी फुल केली. मधे जितके किलोमीटर झाले, त्यांना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनं भागलं. झालं मायलेज! त्या घरात गाडी तिघं चालवत होते, पण हिशेब एकाकडेही नव्हता. बोल मात्र एकटीला.

मोजल्यावर आमच्याही चुका सापडल्या. भीतीपोटी आमची बोटं सतत ब्रेकवर. एक हात गाडी पुढं ढकलतोय, दुसरा मागं ओढतोय, मग पेट्रोल जाणारच. बोटं ब्रेकजवळ असू द्या, पण दाबून धरू नका. गिअरची गाडी असेल तर अर्धा क्लच दाबून चालवू नका.

दुसरी चूक, निघताना एकदम पीळ देणं आणि गतिरोधक आला की करकचून ब्रेक. गॅस मोठा केला आणि ज्योत पातेल्याबाहेर गेली, तर स्वयंपाक लवकर होत नाही, सिलिंडर मात्र लवकर संपतो. तसंच हे. हळू वेग वाढवा, पुढचा रस्ता बघून आधीच पीळ सोडा. मोकळ्या रस्त्याला आम्ही ४० ते ५० च्या दरम्यान एकसारखी गाडी ठेवतो. पेट्रोलियम मंत्रालयाची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून इंधनबचतीचं काम करते. चारचाकीसाठी तिचा सल्ला ४५ ते ५५ चा आहे.

तिसरी गोष्ट हवेची. चाकात हवा कमी असली की गाडी जड जाते. हवा किती हवी ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. चाक थंड असताना, पंधरा दिवसांनी एकदा तपासा. आपल्याकडं उन्हाळ्यात फुफाटा फार, त्यामुळं एअर फिल्टर धुळीनं भरतो. सर्व्हिसिंगला तो दाखवा, गरज पडली तर बदला.

रेल्वे फाटकाला किंवा दुकानासमोर थांबलात, तर इंजिन बंद करा. पण उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका. किल्ली चुकून फिरली तर हँडल लॉक होऊ शकतं. टेम्पो, जीप असेल तर ब्रेकचा जोरही कमी होतो. चार थेंबांसाठी जीव धोक्यात नको.

आता हिशेब करा. जालना-अंबड जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. महिन्यात वीस खेपा म्हणजे १००० किलोमीटर. ४० चं मायलेज असेल तर २५ लिटर लागतं. ४५ चं झालं तर सव्वाबावीस. लिटरला शंभर रुपयेच धरले तरी महिन्याला पावणेतीनशे रुपये वाचले, वर्षाला तीन हजारांच्या वर. आणि दोघींचा माल एका खेपेत गेला, तर ती अख्खी खेपच वाचली.

त्या ताईनं वही घरात दाखवली. आता त्यांच्याकडं किल्ली खुंटीला असते आणि वही तिच्या खालीच. ज्याला जायचं त्यानं आकडा लिहायचा आणि जायचं. मग सासरा असो, नवरा असो की ती स्वतः.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना तुमच्या गाडीचा आकडा लिहून आणा. आपला हिशेब आपल्या हातात असला, की किल्लीही आपल्या हातात राहते.