ईयोबाचे बैल, लक्ष्मीबाईंच्या ओव्या

सलाम. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणायची रीत आहे, म्हणून सुरुवात तशीच करतो. वसंत व्याख्यानमाला हे नाव पुण्याला शोभतं. परभणीत मे महिन्यात खुर्चीसुद्धा रात्री नऊनंतरच गार होते. पण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारी माणसं आपण, उन्हानं मागं सरणारी नव्हे.

संकटं, श्रद्धा आणि निसर्ग, असा विषय मला दिला आहे. या विषयावरचं एक ठरलेलं भाषण असतं. पानगळ झाली की पालवी फुटतेच, रात्र सरली की उजाडतंच. ते भाषण मला जमत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. मराठवाड्यात काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी झोपली. त्या आठवड्यात एखाद्याच्या बांधावर जाऊन पालवीचं प्रवचन दिलं असतं, तर त्यानं काय ऐकवलं असतं ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. पालवी निसर्गाची, तशी गारही निसर्गाचीच.

पवित्र शास्त्रात ईयोबाचं पुस्तक आहे. ईयोब मोठी असामी. सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, पाचशे गाढवी आणि बैलांच्या पाचशे जोड्या. पोळ्याला त्याच्या दारात केवढी गर्दी झाली असती! एका दिवसात हे सगळं जातं. औताला जुंपलेले बैल लुटारू हाकून नेतात, मेंढरांवर आकाशातून आग पडते, वादळात घर कोसळून दहाही लेकरं जातात. मग तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, तोंडातून शब्द काढत नाहीत. सबंध पुस्तकात त्यांनी केलेलं शहाणपणाचं काम हे एवढंच. पुढं ते बोलायला लागतात आणि फिरून फिरून एकच सांगतात : तुझ्या हातून काहीतरी पाप घडलं असणार. दुखवट्याला जाऊन असं बोलणारी माणसं आपल्याकडेही आहेत. आमच्या चर्चमध्येही आहेत.

शेवटी देव बोलतो, तो वावटळीतून. आणि ‘माझ्यावरच का?’ या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही. उलट विचारतो, रानबकरी कधी विते ते तुला ठाऊक आहे का? रानगाढवाला मोकळं कोणी सोडलं? गरुड कड्यावर घर करतो ते तुझ्या हुकमानं का? जिथं माणूस राहतच नाही अशा रानात पाऊस कोण पाडतो? हा शेवटचा प्रश्न जिंतूरच्या माळावर सोयाबीन करपताना वाचला, तर राग येतो. निर्मनुष्य रानात पाऊस पाडायला तुझ्याकडे आहे आणि इथं नाही?

तो राग मला योग्यच वाटतो. पण त्या प्रश्नात माझ्यासाठी एक मोठी सुटकाही आहे. पाऊस आपलं पाप-पुण्य मोजून पडत नसेल, तर पीक जाणं ही शिक्षाही नव्हे. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात हेच सांगितलं, की नीतिमान आणि अनीतिमान दोघांच्याही शेतावर देव पाऊस पाडतो. ज्या घरात कर्जानं किंवा आजारानं माणूस गेला आहे, त्या घरात ‘आपलं काय चुकलं?’ हा प्रश्न भिंतींना चिकटून राहतो. निसर्गाकडून घ्यायचा पहिला धडा त्या घरासाठी आहे. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालं नाही.

पण शिक्षा नाही हे कळलं, तरी उद्या सकाळी उठून करायचं काय? इथं मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी. ‘वनवासी फूल’ लिहिणारे, तरुण बालकवींना नगरच्या आपल्या घरी ठेवून घेणारे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला विश्वासात न घेता. पदरी लहानगा मुलगा दत्तू. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधारानं पंढरपुरात राहिल्या. आपल्या गंगाखेडची जनाबाई ज्या गावात दळली-कांडली, तेच गाव. फुलाच्या पाकळीला जपणारा माणूस घरातल्या माणसाच्या बाबतीत किती बेफिकीर असू शकतो, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं. निसर्गप्रेमानं माणूस आपोआप मऊ होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पुस्तक जरूर वाचावं. गंमत अशी, की बाईंनी हे सगळं कडवटपणा न ठेवता, हसत हसत लिहिलं आहे.

काही वर्षांनी त्या परत नवऱ्याकडे आल्या, त्या आपलं सोवळं सांभाळूनच. मग विचार करत गेल्या, की जाती देवानं केल्या की माणसानं? माणसानं केल्या असं मनाला पटलं, तेव्हा कोणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या श्रद्धेमागं फरफटत जायला त्यांनी नकार दिला, आणि स्वतःच्या श्रद्धेपर्यंत त्या स्वतःच्या पायांनी पोचल्या. पुढं घरात अनाथ लेकरं वाढवली, प्लेगमध्ये आजारी मुलींची शुश्रूषा केली.

श्रद्धेनं असं कामाला लागणं हे नाशिक-नगरकडचं झालं म्हणाल, तर मनमाडच्या गाडीनं जालन्यापर्यंत जाऊन या. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी जालन्याजवळ बेथेल हे गाव एकोणिसाव्या शतकात वसवलं. त्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली होती.

आता उद्या सकाळी आपण काय करायचं, त्याकडे येतो. मार्काच्या शुभवर्तमानात बियाणाचा एक दाखला आहे. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि पीक कसं वाढतं ते त्याला कळत नाही. शहरातले पाळक यावरून निश्चिंत राहा असा उपदेश करतात. आपण रब्बी ज्वारी करणारे लोक. पेरा सप्टेंबर-ऑक्टोबरात, नंतर पाऊस आला तर आला. भारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर सगळं पीक येतं. वरचा थर सुकत जातो तशी मुळं खाली जातात. हे आपल्या हातात नाही, ते येशूनं बरोबर सांगितलं. पण रानाला भेगा पडायला लागल्या की त्यातून ओल उडून जाते, म्हणून आपण कोळपं धरतो. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुने लोक सांगतात. कोळप्यानं पाऊस पडत नाही, पडून गेलेला पाऊस रानात राहतो. माझी रोजची प्रार्थना एवढंच काम करते. जे आधी मिळालं होतं, आईची माया, कोणाचा शब्द, एखादं वचन, ते भेगेतून उडून जाऊ नये. नवीन काही मिळेल याची हमी मला कोणी दिलेली नाही आणि मीही तुम्हाला देत नाही.

पुन्हा लक्ष्मीबाईंकडे येतो. टिळक ९ मे १९१९ ला गेले. येशूचं चरित्र सांगणारं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी हाती घेतलं होतं, ते साडेदहा अध्यायांवर थांबलं. ते पूर्ण करायला लक्ष्मीबाई बसल्या. शाळेत कधी न गेलेल्या, अक्षरओळख लग्नानंतर झालेल्या बाईनं पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. दुःख ओसरण्याची वाट बघत त्या बसल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ चा, आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं ते त्यानंतर.

‘स्मृतिचित्रे’ आपल्याकडे पुष्कळांनी वाचलंय, निदान धडा म्हणून तरी. ‘ख्रिस्तायन’ मात्र कोणी मागत नाही. ओव्या सगळ्या सारख्या उतरलेल्या नाहीत, काही ठिकाणी यमकासाठी ओढाताण झाली आहे, हेही सांगून ठेवतो. तरी वाचनालयात एकदा विचारून बघा. आता दहा मिनिटं शिल्लक आहेत. चिठ्ठ्या आल्या असतील तर द्या, नाहीतर उभं राहून विचारा, मला थोडं कमी ऐकू येतं.