टिपणं कुणाच्या ताब्यात?

(सोलापुरात कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



विषय ऐकून काही जणींना वाटलं असेल, बायकांच्या बैठकीत हे कॉम्प्युटरचं काय काढलं? वही आहे, फोन आहे, व्हॉट्सॲप आहे. पण आपल्याकडे आलेल्या बाईचं म्हणणं आपण ज्यात उतरवून ठेवतो, ते पाच वर्षांनी उघडेल का, आणि कोण कोण उघडू शकेल, हा संघटनेचाच प्रश्न आहे.

जुन्या दप्तरापासून सुरुवात करू. नव्वदच्या दशकात आपली पत्रकं, अहवाल श्रीलिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरमध्ये टाइप व्हायचे. आत साठवलेले असायचे त्या त्या फॉन्टचे संकेत. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. कितीतरी संस्थांचं लिखाण असं कुलूपबंद पडलंय. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, म्हणून यापुढे युनिकोडशिवाय काही लिहायचं नाही, हे ठरवूनच टाका.

मार्कडाऊन म्हणजे साधा मजकूर, त्यात थोड्या खुणा. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने ही पद्धत आणली. ओळीच्या सुरुवातीला # दिला की मथळा, आडवी रेघ दिली की यादीतला मुद्दा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक. झालं शिक्षण! एडिटर बंद पडला, कंपनी बुडाली, तरी फाइल साध्या नोटपॅडमध्ये वाचता येते.

सोलापुरात याचा आणखी एक फायदा. आपल्या विडी कामगार बायकांतल्या अनेकींची घरची भाषा तेलुगू. कुणाची कानडी, कुणाची उर्दू. पानं-तंबाखू किती दिला, छाट किती काढली, फंडाचे पैसे भरले का, हे ती ज्या शब्दांत सांगते त्याच शब्दांत, त्याच लिपीत, मराठी टिपणाशेजारी ठेवता येतं. आपण भाषांतर करताना तिचं म्हणणं नकळत गुळगुळीत करतो, तेही टळतं. उर्दू मात्र उजवीकडून चालते; एडिटर ते सांभाळतो का, हे दोन ओळी लिहून बघा.

आता कोणता घ्यावा? फोनवरच काम करणाऱ्या कार्यकर्तीला मी मार्कोर सुचवीन. फक्त अँड्रॉइडवर चालतो, फुकट आहे, कोड खुला आहे, फाइली तुमच्याच फोल्डरमध्ये राहतात. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर लांब अहवाल लिहायला झेटलर बरा. ऑब्सिडियन देखणा आहे, एका टिपणातून दुसऱ्यावर जाता येतं. पण त्याचा कोड खुला नाही. कामाच्या वापरासाठीची सक्तीची फी त्यांनी २०२५ मध्ये काढली. टायपोरा २०२१ पासून विकत घ्यावा लागतो, त्याशिवाय आपलं अडत नाही. चार जणींना एकच दप्तर वापरायचं असेल तर जॉप्लिन बघा. दोन यंत्रांमध्ये जाणारी टिपणं त्यात कुलूप लावून पाठवता येतात. पण ते कुलूप तुम्ही सुरू केलं तरच! शिवाय फोन स्वतःच कुणी उघडला तर ते कामाचं नाही. फोनचा पासवर्ड नवऱ्याला, दिराला, मुलाला माहीत असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

निवडण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. 'नवऱ्याने' हा शब्द लिहा. आपल्या टिपणांत तो किती वेळा येतो! यातलं 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवलं जातं, दिसायला सारखंच. एकीने एका कीबोर्डवर लिहिलं, दुसरीने दुसऱ्यावर शोधलं, तर टिपण सापडणारच नाही. म्हणून सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवा. अंकांचंही तसंच. ओळीच्या सुरुवातीला देवनागरी १ आणि टिंब दिलं तर मार्कडाऊनच्या प्रमाण नियमांनुसार ती यादी होत नाही, इंग्रजी आकडाच लागतो. मराठीचा विचार करून हे कुणी बनवलेलं नाही, ते असं जागोजागी टोचतं. तारखा शोधायच्या असतात, त्यामुळे निदान त्या तरी सगळ्यांनी एकाच अंकांत लिहाव्यात.

नावांबद्दल थोडं कडक बोलते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची प्रकरणं असोत की कामाच्या ठिकाणच्या छळाच्या २०१३ च्या कायद्याखालची, टिपणात बाईचं नाव, पत्ता, मुलांची शाळा घालू नका. क्रमांक द्या. कोणता क्रमांक कुणाचा, ती यादी कागदी वहीत, कार्यालयातल्या कपाटात. फाइलीच्या नावातही नाव नको. फाइल न उघडताही ते दिसतं. पेनड्राइव्हवर दर आठवड्याला एक प्रत काढा आणि तो पेनड्राइव्हही कपाटातच ठेवा, पर्समध्ये नको. कपाटाची किल्ली कुणाकडे, हे आज बैठक उठण्यापूर्वी ठरवू.