काटेरी कोथिंबिरीची रुजवण



आम्हां कोंकणांतल्या लोकांस आषाढ-श्रावणांत चांगली कोथिंबीर मिळणें म्हणजे चैनच. घाटावरून आलेली जुडी भिजून अर्धी कुजलेली असते; परसांत धणे पेरावे तर रोपें दोन बोटें वर येतांच मुसळधार पावसांत लोळण घेतात. ही अडचण मीं उभा जन्म सोसली. चार वर्षांपूर्वीं माझी मुलगी पोर्ट ब्लेअरहून माहेरपणास आली, ती कागदाच्या पुडींत थोडें बीं घेऊनच. अंदमानांत ज्या वनस्पतीस बर्मा धनिया म्हणतात, तिचें तें बीं. आपण तिला काटेरी कोथिंबीर म्हणूं.

ही आपली कोथिंबीर मात्र नव्हे. कूळ एकच, शेपू, ओंवा, जिरें, गाजर यांचें, जात निराळी. तिचें मूळ घर मेक्सिकोपासून दक्षिणेकडचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश आणि वेस्ट इंडीज बेटें. आतां ती आसाम, मणिपूर, मिझोराम व केरळ येथील परसांतही नांदते. लिनियस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं तिचें नांव एरिंजियम फेटिडम असें ठेविलें. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ दुर्गंधी! त्या पंडितास तिची फोडणी दिलेली आमटी कोणी वाढली नसावी. पानें लांबट, कडेला बारीक दांत्यांचीं, जमिनीलगत चक्राकार पसरणारीं. वास कोथिंबिरीचाच, पण चढा.

मुलगी गेल्यावर मीं निम्में बीं धण्यांसारखेंच पेरलें, म्हणजे बोटाच्या पेराएवढें खोल. कांहींच उगवलें नाहीं. उरलेल्यांतलें बरेंचसें कुंडींत पेरलें. पंधरा दिवस वाट पाहिली आणि वैतागून ती कुंडी केळीच्या बुंध्याशीं उपडी केली. वर मुलीस फोनवर सांगितलें कीं, तुझें बीं जुनें होतें. ती इतकेंच म्हणाली, "बाबा, मीं तें माझ्या हातानें वाळवलें होतें."

पुढें अकराव्या दिवशीं घरांतून मला हांक आली. केळीशीं माती फुटून पसरली होती, तिच्यावर पांच-सहा हिरवे ठिपके दिसत होते. चूक बियांची नव्हती, मास्तरांची होती. शाळेंत असतांना अशाच घाईनें मागच्या बांकावर बसविलेलीं दोन-चार मुलें त्या वेळीं मला आठवलीं, असो.

या कुळांतील बऱ्याच वनस्पतींच्या बियांत गर्भ अपुरा वाढलेला असतो. बीं ओलाव्यांत पडलें कीं तो आधीं आंतल्या आंत वाढतो, मग अंकुर फुटतो. म्हणून दोन ते चार आठवडे लागतात. शिवाय बीं अगदीं बारीक. त्यांतली शिदोरी ती केवढी! खोल पुरलेला अंकुर वर येईपर्यंत ती संपून जाते.

उरलेली चिमूट मीं नीट पेरली. पसरट कुंडींत चाळलेली माती व कुजलेला पाला समभाग घेतला, पृष्ठभाग ओला केला, बीं राखेंत मिसळून भुरभुरलें. वरून माती नांवापुरती. पाणी झारीनें न देतां हातानें शिंपडलें, नाहीं तर सगळें बीं एका कोपऱ्यांत वाहून जातें. माती एक दिवसही वाळूं द्यावयाची नाहीं आणि चिखलही होऊं द्यावयाचा नाहीं, एवढेंच अवघड. चार-पांच पानें आल्यावर रोपें वीतभर अंतरानें हलविलीं. गोगलगायींचा मात्र पहारा ठेवावा लागतो.

जागा अर्धवट सावलीची असावी. माझीं रोपें तोंडल्याच्या मांडवाखालीं आहेत. कडक उन्हांत पानें लहान राहतात आणि फुलांचा दांडा लवकर निघतो. हा दांडा काटेरी असतो. दिसतांच खुडावा, म्हणजे पानें येत राहतात. बियांसाठीं दोन रोपें तेवढीं राखावीं. बाहेरचीं मोठीं पानें कापून घ्यावीं, मधला कोंब राखावा. नेहमींच्या कोथिंबिरीच्या मानानें थोडींच पुरतात. कोथिंबीर आपण शेवटीं भुरभुरवितों, कारण शिजवली कीं तिचा वास उडतो. हिचा मात्र शिजल्यावरही टिकतो, वाळल्यावरही. म्हणून आमटींत ती आधींच पडली तरी चालते. चटणीसाठीं जून पानांचा कडक देंठ काढावा.

बीं ताजें असेल तेव्हांच पेरावें. ठेवलेलें बीं लवकर निकामी होतें.

गेल्या वैशाखांत मुलगी आली. मांडवाखालचीं रोपें तिनें पाहिलीं, दोन पानें चुरगाळून वास घेतला आणि कांहीं बोलली नाहीं. मीच म्हणालों, "बीं जुनें नव्हतें हो." जातांना तिनें एक वाळलेला दांडा बियांसकट वर्तमानपत्रांत गुंडाळून नेला.