योगवर्गाचा रिकामा रकाना
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचा तपशील अहवालाच्या उत्तरार्धात छापलेला आहेच. त्यात योगवर्गाचा खर्च किरकोळ दिसतो आणि उपस्थितीच्या रकान्यात आकडाच नाही. असे का, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. ती रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; रिकामा रकाना आम्हांसही सहन होत नाही. म्हणून थोडे सविस्तर निवेदन करीत आहोत.

हा वर्ग आपण सुरू केला तो भाजलेल्या, अपघातातून वाचलेल्या आणि घरात मारहाण सोसलेल्या रुग्णांसाठी. जखम भरते, टाके निघतात, तरी यांतील काहींना झोप लागत नाही. दार आपटले तरी अंग थरथरते, श्वास वरच्या वर चालतो. संकट टळले हे मनाला कळते, शरीर मात्र पहाऱ्यावरच असते. या अवस्थेला, म्हणजे आघातोत्तर ताणविकाराला, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. योगाने मन शांत होते हे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा इतरांना शिकवतात तसेच यांनाही शिकवावे, असे आम्ही ठरविले.

तेथे आमची चूक झाली. एके दिवशी शवासनाच्या वेळी शिक्षिकेने दिवे मालवले, दार लोटले, सर्वांना डोळे मिटावयास सांगितले आणि एका भगिनीचे खांदे सैल व्हावेत म्हणून मागून जाऊन हलकेच हात लावला. हेतू निर्मळ होता. ती भगिनी किंचाळून उठली आणि निघून गेली. पुढे जखमेच्या तपासणीसही ती येईना. तिच्या आईने कार्यालयात येऊन विचारले, “साहेब, तिला तिथं नेमकं काय केलं?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. (हा प्रसंग तिच्या अनुमतीने सांगत आहोत.)

यानंतर आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एका पद्धतीकडे लक्ष वेधले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रुकलाइन येथील केंद्रात डेव्हिड इमर्सन यांनी बेसेल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञांसमवेत ती विकसित केली. दीर्घकाळ उपचार घेऊनही बरे न वाटलेल्या 64 स्त्रियांवरील त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. दहा आठवड्यांनंतर योगगटातील 31 पैकी 16 जणी विकाराच्या निकषांतून बाहेर आल्या होत्या. केवळ आरोग्यशिक्षण दिलेल्या गटातील 29 पैकी 6. संख्या लहान आहे आणि योग हा तेथे मूळ उपचारांना पूरक होता, पर्याय नव्हे. आपल्याकडेही औषधे व समुपदेशन चालूच असते.

आपली विद्या शिकविण्याची रीत परदेशातून घ्यावी लागली, याचा काहींना संकोच वाटला. आम्हांस वाटला नाही. पतंजलींनी आसनाला स्थैर्याबरोबर सुखाचीही अट घातलेली आहे. कवायतीच्या नादात तिचा विसर आपल्यालाच पडला होता.

आता वर्गात दिवे मालवले जात नाहीत. दार प्रत्येकाला दिसेल अशी बैठक असते आणि त्याला कडी नसते. शिक्षिका रुग्णांच्या मागे फिरत नाहीत. आपल्या जागी बसून स्वतः आसन करतात, कोणाच्याही अंगाला हात लावीत नाहीत. श्वास रोखून धरण्याचे प्रकार वर्ज्य केले आहेत. मुख्य बदल भाषेचा आहे. “डोळे मिटा, हात वर घ्या” याऐवजी “वाटल्यास डोळे मिटावेत, नाहीतर जमिनीकडे पाहावे, हात उचलून पाहता येईल, नाही उचलला तरी चालेल” असे त्या म्हणतात. तळपाय फरशीला टेकलेले जाणवतात का, एवढेच कधी विचारतात. ज्याच्या देहावर दुसऱ्याने बळ चालविले, त्याला हात उचलावा की नाही हे स्वतः ठरविता येणे, हाच या उपचाराचा गाभा आहे. बाकीचे आसन त्यामानाने गौण.

आणि येथेच आमचा हजेरीपट आडवा आला. अहवालात आकडा चांगला दिसावा म्हणून, चार वाजता सर्व रुग्णांना वर्गात पाठवावे, असा आदेश आम्हीच वॉर्डांना दिला होता. शिक्षिकेचे मानधनही माणशी ठरविले होते. “साहेबांना आकडा हवाय, चला,” असे म्हणत वॉर्डबॉय रुग्णांना आणीत असत, हे आम्हांस फार उशिरा कळले. नकाराची मुभा देणारा वर्ग आणि नकार टिपून ठेवणारे कार्यालय, दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. आदेश मागे घेतला, मानधन मासिक केले आणि रकाना रिकामा सोडला. लेखापरीक्षकांना खर्चाची पावती दाखविली आहे.

चटयांची देणगी देणाऱ्या सद्गृहस्थांनी वर्गाचे छायाचित्र अहवालात असावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. त्यांना विनम्र नकार कळविला. त्यांनी तो उदारपणे स्वीकारला. पुढील पानावर रिकाम्या खोलीचे आणि खुर्च्यांचे चित्र आहे ते त्यामुळे.

ती भगिनी काही महिन्यांनी तपासणीस येऊ लागली. कोणी बोलाविले नसता एके दिवशी वर्गातही आली. दाराजवळच्या खुर्चीवर बसते. काही दिवस हातही हलवीत नाही. परवा तिने शिक्षिकेला पंखा बंद करावयास सांगितले. शिक्षिकेने बंद केला.