जीपचा रंग

(मंडळाच्या सभेतील भाषण)



निशातगंजातील आमच्या अंगणात तीर्थरूपांची जुनी जीप बरीच वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. १९४९ साली महिंद्रांनी मुंबईस माझगावात ज्या विलीज जीपांची जुळणी केली, त्यांच्याच वंशातील ही सीजे-३बी. उंच बॉनेट ही हिची खूण. आतील हरिकेन इंजिनाची हवा घेणारी झडप माथ्यावर बसविलेली, म्हणून ही उंची.

आम्ही पदवीने बी. ए.; यंत्रविद्येशी आमचा संबंध टंकलेखनयंत्रापुरता! तरी चिरंजीवांच्या हौसेखातर काचकागद हाती घेतला. गंज वरवर घासला, खळग्यांत लांबी भरली आणि डिसेंबरच्या धुक्यात रंगाचा फवारा मारला. थिनर उडताना पत्रा थंड पडतो, दमट हवेत त्यावर दव धरते व रंग पांढुरका होतो, हे ज्ञान आम्हांस त्यानंतर झाले.

मिस्त्रीने मात्र रंगाकडे पाहिलेही नाही. ब्रेकच्या पेडलाखालील पत्र्यावर त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकविला. तो आरपार गेला. “बाबूजी, लड़के का पैर तो यहीं पड़ेगा,” एवढेच तो म्हणाला. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

मग सारे खरवडले. कुजका पत्रा कापून नवा सांधला, उघड्या लोखंडास त्याच दिवशी रेड ऑक्साईड दिले. रंग थेट एप्रिलात, कोरड्या हवेत. डाव्या मडगार्डावर दोन ओघळ आलेच. त्यांवरून घरात अजून आमची थट्टा होते.