शिक्षक दोनशे मैलांवर, मूल मात्र आपल्याच शाळेत

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.)

बसमध्ये असाल, जेवण झाल्यावर शतपावली करत असाल, जिथे असाल तिथे हेडफोन नीट लावा. आज मी तुम्हाला माझ्या कामाबद्दल सांगणार आहे. मी अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या एका छोट्या गावच्या हायस्कूलमध्ये काम करते. आता कोणी विचारलं, "तू काय शिकवतेस?" तर माझं उत्तर असतं, "काहीच नाही." मी शिकवत नाही. ऑनलाइन कोर्स करणाऱ्या मुलांजवळ बसते. या कामाला इथे मेंटॉर म्हणतात.

जवळ बसण्याचा पगार मिळतो? हो, मिळतो. आणि का मिळतो, तोच आजचा विषय.

आधी माझं सांगते. मी सांगोला तालुक्यातली. बारावीला असताना आमचे फिजिक्सचे सर दिवाळीनंतर नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. आम्ही अकरा जणांनी एक गाईड वाटून वाटून वाचलं. निकाल काय लागला असेल, तुम्हीच समजा. मला अनेक वर्षं वाटायचं, आपलं डोकंच कमी. इथे आल्यावर कळलं की शिक्षक नसणं हा प्रश्न फक्त आमच्या गावचा नव्हता. तो सगळ्या छोट्या गावांचा आहे, अमेरिकेतल्यासुद्धा.

आता स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय? शब्द ऐकून आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक डिस्ट्रिक्ट सोलापूर जिल्ह्याएवढे मोठे नसतात. अमेरिकेत असे १३ हजारांहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. काही प्रचंड मोठे, तर काहींमध्ये एकच हायस्कूल. बहुतेकांचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं, स्वतःचं बजेट असतं, शिक्षक नेमायचा अधिकारही त्यांचाच. म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग गावाएवढा लहान करा आणि हातात तिजोरीची किल्ली द्या, तसं काहीसं.

आता समजा अशा छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये चार मुलांना कॅल्क्युलस शिकायचंय. चार मुलांसाठी पूर्ण पगाराचा शिक्षक परवडत नाही. परवडला तरी एवढ्या बर्फात, एवढ्या लांब यायला कोणी तयार नसतो. मग काय करायचं? मुलांना सांगायचं, "नशीब तुमचं"?

यावर इथे मुख्यतः तीन वाटा निघाल्या.

पहिली वाट मॅसॅच्युसेट्समधली. १९९६ साली हडसन गावच्या शाळांनी आणि कॉनकॉर्ड कन्सॉर्शियम नावाच्या संस्थेने केंद्र सरकारच्या अनुदानावर व्हर्च्युअल हाय स्कूल सुरू केलं. कल्पना अगदी आपल्या सावडीसारखी. तू माझ्या शेतात ये, मी तुझ्या शेतात येतो. प्रत्येक शाळेने आपला एक शिक्षक एका ऑनलाइन वर्गासाठी द्यायचा आणि बदल्यात आपल्या मुलांना सगळ्यांच्या वर्गांमध्ये जागा घ्यायच्या. एक विषय देऊन कितीतरी विषय मिळाले.

दुसरी वाट म्हणजे राज्याची शाळा. फ्लोरिडाने १९९७ मध्ये ऑनलाइन हायस्कूल काढलं, आज ते फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल म्हणून ओळखलं जातं. त्यातली मला आवडलेली गोष्ट पैशाची आहे. मुलाने नुसतं नाव नोंदवलं म्हणून सरकारी पैसे मिळत नाहीत. कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाला तर मिळतात. क्लासवाल्यांना हा नियम लावला तर काय होईल, विचार करा!

तिसरी वाट आमच्या मिशिगनची. २००६ मध्ये या राज्याने ठरवलं की हायस्कूल पास व्हायचं तर ऑनलाइन शिकण्याचा काहीतरी अनुभव हवाच. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मग २०१३ मध्ये एक पाऊल पुढे. सहावी ते बारावीचा विद्यार्थी एका सत्रात दोन ऑनलाइन कोर्स मागू शकतो आणि डिस्ट्रिक्टने ते द्यायचे, खर्चासकट. खर्चाला मर्यादा आहे. नकार द्यायची कारणंही कायद्यात लिहून दिलेली आहेत. आधीच तो विषय झालाय, पाया कच्चा आहे, कोर्सचा दर्जा चांगला नाही, अशी. "आमच्याकडे ही पद्धत नाही" हे कारण चालत नाही.

ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

कामाचं पहिलं वर्ष. एक मुलगा होता, हुशार, घरची डेअरी, पहाटे उठून गायींचं करून शाळेत यायचा. त्याला फिजिक्स हवं होतं. आमच्याकडे शिक्षक नव्हता, म्हणून ऑनलाइन घेतलं. त्याचा तास लायब्ररीत. मी तेव्हा एकाच वेळी दुसरीही दोन कामं बघत होते. तो कॉम्प्युटरसमोर बसलेला दिसायचा, मला वाटायचं, चाललंय. सातव्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्याचे गुण उघडून बघितले. तिसऱ्या आठवड्यानंतर त्याने एकही काम पाठवलं नव्हतं.

मी विचारलं, "अरे, सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "कुणाला सांगू?"

शिक्षिका दोनशे मैलांवर. तिने ईमेल पाठवले होते, पण हा शाळेचा ईमेल उघडतच नव्हता. मी दहा फुटांवर होते, पण मी विचारलंच नाही. कोर्स सोडायची मुदत निघून गेली होती. मार्कलिस्टवर नापास लागलं. त्या रात्री मला सांगोल्याचा तो रिकामा वर्ग आठवला. फरक एवढाच की या वेळी वर्गात नसलेला मोठा माणूस मी होते.

मिशिगनचा कायदा मेंटॉर द्या म्हणतो, तो याचसाठी. विषय शिकवणारा शिक्षक वेगळा, गुण तोच देतो. पण शाळेत प्रत्यक्ष हजर असा एक माणूस हवा, जो प्रगती बघेल, लॅपटॉप चालतोय का ते बघेल, अडलं तर शिक्षकाशी गाठ घालून देईल. आमच्याकडे माणूस कागदावर होता. त्याला वेळ नव्हता.

त्यानंतर आम्ही जे बदललं ते सांगते, कारण कुठल्याही शाळेने ऑनलाइन कोर्स सुरू करायचा म्हटलं तर खरं काम इथेच आहे.

एक, वेळापत्रकात तास. "घरी जमेल तेव्हा कर" म्हटलं की ते कधीच जमत नाही. आता रोज ठरलेला तास, ठरलेली खोली, हजेरी.

दोन, नाव नोंदवण्याआधी बोलणं. मुलाला हा कोर्स का हवाय? वाचून समजतं का? घरी नेट आहे का? नसेल तर शाळा हॉटस्पॉट देते. "सोपा असेल म्हणून" हे उत्तर आलं तर मी थांबवते. सोपा नसतो.

तीन, कोर्स तपासणं. राज्याची यादी आहे, त्यात प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम उघड लिहिलेला असतो. शिक्षक उत्तर किती वेळात देतो, प्रयोग कसे करायचे, ऐकू न येणाऱ्या मुलासाठी व्हिडिओखाली अक्षरं आहेत का, हे सगळं बघायचं. आणि ज्याला पुढे कॉलेजात खेळायचंय त्याचा कोर्स एनसीएए ही कॉलेज क्रीडा संघटना मान्य करते का, तेही. नाहीतर मेहनत फुकट.

चार, क्रेडिट. ऑनलाइन केलेल्या विषयाला वर्गातल्या विषयाएवढीच किंमत मार्कलिस्टवर मिळणार, हे आधी लेखी. नाहीतर तो छंदवर्ग होतो.

पाच, दर सोमवारी मी गुण उघडते. एक आठवडा काम आलं नाही की त्याच दिवशी मुलाशी बोलते. दोन आठवडे झाले तर घरी फोन. कोर्स सोडायची मुदत माझ्या भिंतीवर लाल पेनाने लिहिलेली असते.

यात तंत्रज्ञान किती आहे सांगा? जवळजवळ नाहीच. सगळं माणसाचं काम.

आकडेही तेच सांगतात. मिशिगनमधल्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की एक-दोन ऑनलाइन कोर्स घेणारी मुलं बऱ्यापैकी पास होतात आणि ढीगभर घेणारी जास्त गळतात. त्यात आधीच मागे पडलेली मुलं पुष्कळ असतात, हेही खरं. नापास झाला की बसव कॉम्प्युटरसमोर, असं काही शाळा करतात. ज्याला माणसाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच स्क्रीनच्या हवाली करायचं!

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आमचं काय? आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, दीक्षा आहे, स्वयंवर नववी ते बारावीचे कोर्स आहेत. फोन तुमच्या हातात आहेच. धडे कमी नाहीत. बारावीला माझ्याकडे यातलं काहीही नव्हतं, तुमच्याकडे आहे. पण धडा असणं आणि कोर्स असणं यात फरक आहे. कोर्सला ठरलेला तास लागतो, उत्तर देणारा शिक्षक लागतो, मार्कलिस्टवर जागा लागते आणि "काल का नाही केलंस?" विचारणारं कोणीतरी लागतं. शाळा आज यातलं सगळं देणार नाही. पण शेवटची गोष्ट फुकट आहे. एक मैत्रीण, एक दादा, एक सर पकडा आणि सांगा, "दर सोमवारी मला विचारा."

तो डेअरीवाला मुलगा? पुढच्या वर्षी त्याने फिजिक्स परत घेतलं. रोज तिसऱ्या तासाला, माझ्या टेबलाच्या शेजारी. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. मी फक्त विचारायचे, "कुठवर आलास?" बी मिळाला त्याला. मला कळवायला तो धावत आला होता, बुटांवरच्या बर्फासकट.

चला, आज एवढंच. तुमच्या गावात कुठल्या विषयाला शिक्षक नव्हता, ते मला व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोवर काळजी घ्या, आणि सोमवारी कोणाला तरी विचारा, कुठवर आलास?