दुर्बिणीच्या आधीचं औषध

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिका रुग्णालयात यकृताच्या सिरॉसिसचा रुग्ण रक्ताच्या उलट्या करत येतो, तेव्हा नातेवाईक विचारतात, दुर्बीण कधी घालणार? प्रश्न रास्तच आहे. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरेवर रबरी रिंग दुर्बिणीतूनच बसते, आणि ती शक्यतो पहिल्या 12 तासांत बसावी. पण औषध त्याआधीच, नुसत्या संशयावरून, सुरू व्हायला हवं. टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड शिरेतून दिलं की आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब उतरतो आणि रक्तस्राव मंदावतो. रिंग बसल्यावरही ते 2 ते 5 दिवस चालू ठेवतात. सोबत अँटिबायोटिक लागतं. ताप नसताना ते कशाला, असं कुणी म्हणेल. पण अशा रुग्णाला जंतुसंसर्ग चटकन होतो, त्यातून पुन्हा रक्त जातं, आणि वेळीच दिलेल्या अँटिबायोटिकने मृत्यू घटतात, हे चाचण्यांतून दिसलं आहे.

खरी काळजी वाटते ती घरी गेल्यानंतरची. प्रोप्रानोलॉल या गोळीने पुन्हा होणारा रक्तस्राव टळू शकतो, हे 1981 साली फ्रान्समधल्या लब्रेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. गोळी स्वस्त आहे, पण रोजची. थकवा येतो, नाडी मंदावते, म्हणून काहीजण ती परस्पर बंद करतात. नाडी मिनिटाला 55 ते 60 वर येणं हेच तर अपेक्षित असतं! वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेला, तर मात्र डोस कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टरांनाच विचारा. दमा असेल तर तेही आधीच सांगा. अशा रुग्णाला ही गोळी देत नाहीत, त्याच्या शिरांवर ठरावीक दिवसांनी रिंगाच बसवतात.